वर्दीआधी वर्गवारी : पोराचा हुनर पाहून सैन्याचे दार निवडा

भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची पोरे पहाटेच्या अंधारात सडकेवर धावू लागतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, छाती किती फुगली, बीमवर पुल-अप किती निघाले, याचीच चर्चा चालते. या मेहनतीचे आम्हाला कौतुक आहे. पण याच पोरांना "अर्ज कोणत्या वर्गवारीत भरलास?" असे विचारा. बहुतेकांचे उत्तर एकच येते : जनरल ड्यूटी. का भरलास? तर मित्राने भरला म्हणून, सायबर कॅफेवाल्याने तोच भरून दिला म्हणून, किंवा दुसरे काही असते हे ठाऊकच नव्हते म्हणून.

आम्ही व्यापारी आणि कारागीर माणसे. वीस मीटर कापड घ्यायचे तर चार दुकाने फिरतो, पोत चिमटीत धरून पाहतो, भाव काढतो. मग पोराच्या उमेदीच्या वर्षांचा सौदा मात्र न पाहता, न विचारता का करतो? सैन्यात जायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण जायचे ठरले असेल तर कोणत्या दारातून जायचे हे पोराची गुणपत्रिका आणि पोराचा हात या दोन गोष्टी पाहूनच ठरले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्वी हा सल्ला चांगला होता. अग्निपथ योजनेनंतर तो अत्यावश्यक झाला आहे.

चार वर्षांचा हिशेब

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून भूदल, नौदल आणि हवाई दलातील शिपाई, खलाशी व हवाई सैनिक या पातळीवरची बहुतेक भरती अग्निवीर म्हणूनच होते. प्रशिक्षण धरून नोकरी चार वर्षांची. जाहीर झालेल्या योजनेनुसार त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के तरुण पुढील पंधरा वर्षांच्या कायम सेवेसाठी निवडले जायचे, बाकीच्यांनी घरी परतायचे.

पैशाचा हिशेब असा. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जमा होतात आणि २१,००० हाती येतात. चौथ्या वर्षी ४०,००० रुपये, त्यातले १२,००० निधीत आणि २८,००० हाती. सैनिकाच्या वाट्याइतकीच रक्कम सरकार निधीत घालते. चार वर्षे पूर्ण झाली की व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात आणि त्यावर आयकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचे विमासंरक्षण असते, त्याचा हप्ता सैनिकाला भरावा लागत नाही. मात्र चार वर्षांनी परतणाऱ्याला निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटीही नाही.

ही मुदत फार कमी आहे, अशी टीका योजनेवर पहिल्या दिवसापासून झाली आहे आणि ती अनाठायी नाही. पण योजना बदलेपर्यंत आपल्याला आहे त्या अटींवर विचार करायचा आहे. चारपैकी तीन पोरे बावीस-पंचवीस वर्षांच्या वयात गावी परतणार. हातात अकरा-बारा लाखांचे भांडवल असेल. पण त्या भांडवलाबरोबर हुनर कोणता असेल? हे सैन्यात शिरताना भरलेल्या अर्जावर बरेचसे अवलंबून आहे. चार वर्षे इंजिने उघडणारा परतला तर तो गॅरेज टाकू शकतो. चार वर्षे भांडाराचा हिशेब ठेवणारा परतला तर तो कोणाच्याही गोदामाचा कारभार सांभाळू शकतो. वर्गवारी निवडणे म्हणजे चार वर्षांनंतरचा धंदा निवडणे होय, हे लक्षात घ्या.

भूदलाची पाच दारे

भूदलात अग्निवीरांच्या मुख्य वर्गवाऱ्या पाच. जनरल ड्यूटीसाठी दहावीत एकूण ४५ टक्के व प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के व प्रत्येक विषयात ४० टक्के. किंवा दहावीसोबत ठराविक ट्रेडचा आय.टी.आय. वा पदविका. क्लार्क व स्टोअरकीपरसाठी कोणत्याही शाखेची बारावी, एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० टक्के. ट्रेड्समन दोन प्रकारचे : एक दहावी उत्तीर्णांसाठी, दुसरा आठवी उत्तीर्णांसाठी. आठवीवाल्यांना हाउसकीपर आणि मेसकीपर ही कामे असतात.

आता आपल्या मोहल्ल्यातली पोरे एकेक करून या दारांसमोर उभी करून पाहू.

गॅरेजवाल्याचा पोरगा. दहा वर्षांचा असल्यापासून पाना हातात. आवाज ऐकून इंजिनाचा बिघाड सांगतो. भूदलाला अशा हाताची गरज नाही काय? वाहने, तोफा, वायरलेस संच दुरुस्त ठेवणारी ई.एम.ई. नावाची स्वतंत्र कोअरच आहे, १९४३ साली उभी राहिलेली. पूल बांधणारे, रस्ते काढणारे, सुरुंग शोधणारे इंजिनिअर्स आहेत. त्यांच्यातल्या बॉम्बे सॅपर्सचे केंद्र तर आपल्या पुण्यात खडकीलाच आहे. पण अडचण अशी की आपल्या पोराचा हुनर फक्त हातात असतो, कागदावर नसतो. मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांसारख्या ट्रेडचे आय.टी.आय. प्रमाणपत्र असेल तर टेक्निकलचे दार उघडते. नसेल तर तोच पोरगा जनरल ड्यूटीच्या लांबलचक रांगेत उभा राहतो आणि तिथे त्याचा पाना कोणी विचारत नाही.

दुकानदाराचा पोरगा. वाणिज्य शाखेत शिकतो, संध्याकाळी गल्ल्यावर बसतो, उधारीची वही लिहितो, माल आला-गेला त्याची नोंद ठेवतो. क्लार्क व स्टोअरकीपरचे काम याहून फार वेगळे नाही. या वर्गवारीत बारावीला इंग्रजीत आणि गणित, लेखाकर्म वा पुस्तपालन यांपैकी एका विषयात ५० टक्के आवश्यक असतात. म्हणजे आपल्या कॉमर्सच्या पोराचा बुककीपिंगचा पेपर इथे सोन्याच्या मोलाचा. २०२४ पासून या वर्गवारीसाठी टायपिंगची चाचणीही आली आहे. तेव्हा अकरावीपासूनच टायपिंग शिकवा. मोबाइलवर अंगठे चालवणे म्हणजे टायपिंग नव्हे.

कारागिराचा पोरगा. शिवणकाम, सुतारकाम, सामानाची दुरुस्ती, स्वयंपाक, केशकर्तन, धुलाई अशी कामे ट्रेड्समन वर्गवारीत येतात. इथे हाताची परीक्षा होते, म्हणून आपली पोरे इथे सरस ठरू शकतात. काही घरांतून असा सूर ऐकू येतो की, "सैन्यात जाऊनही सुईदोराच करायचा तर जायचे कशाला?" आम्हाला हे पटत नाही. ट्रेड्समन हाही सैनिकच. तोही बंदूक चालवायला शिकतो, तोही वर्दी घालतो, आणि अग्निवीर म्हणून त्याचे वेतन इतर अग्निवीरांइतकेच असते. ज्या हुनरावर आपली घरे चालली त्याची लाज पोरांना वाटावी, असे बोलणे तरी घरात होऊ नये.

पण याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगतो. बापाचा धंदा ही पोराची हद्द नव्हे. शिंप्याच्या पोराला बारावी विज्ञानात साठ टक्के असतील आणि घरच्यांनी "आपले हेच काम" म्हणून त्याला ट्रेड्समनचा अर्ज भरून दिला, तर तो त्याच्यावर अन्याय आहे. त्याची जागा टेक्निकलमध्ये, नौदलात किंवा हवाई दलात आहे.

एका शिंप्याच्या मुलाची गोष्ट

परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद हे नाव आपण सारे अभिमानाने घेतो. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचे ते. वडील शिंपीकाम करीत आणि मुलगाही दुकानात बसून कपडे शिवीत असे. डिसेंबर १९५४ मध्ये ते ग्रेनेडियर्समध्ये भरती झाले. पुढे पाच वर्षे रणगाडाविरोधी तुकडीत राहून त्यांनी १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर असा हात बसवला की पलटणीत त्यांच्या तोडीचा नेमबाज नव्हता. बढती मिळाल्यावर त्यांच्याकडे कंपनीच्या भांडाराची जबाबदारी आली. पण १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात रणगाडे चालून आले तेव्हा तोफेसाठी हमीदांनाच पुढे करण्यात आले. सप्टेंबर १९६५ मध्ये जीपवरच्या तोफेने त्यांनी पाकिस्तानचे अनेक रणगाडे निकामी केले आणि तिथेच ते शहीद झाले.

त्यांच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही इथे वाचकांचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे वेधतो. शिवणयंत्रावरून उठलेला तरुण पाच वर्षे एकाच कामात मुरला, म्हणून ऐन वेळी पलटणीला तोच हवा होता. शौर्य मनात असते, पण ते कामी येते ते शिकलेल्या हुनरातूनच.

समुद्र आणि आकाश

कोकणातल्या वाचकांनी नौदल व तटरक्षक दलाकडे अधिक बारकाईने पाहावे. नौदलात अग्निवीर एस.एस.आर.साठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र आणि किमान ५० टक्के लागतात. अभियांत्रिकीच्या काही पदविकाही चालतात. दहावीवाल्यांसाठी एम.आर. ही वर्गवारी आहे : शेफ, स्टुअर्ड आणि स्वच्छतेची कामे. प्रशिक्षण ओडिशातील आय.एन.एस. चिल्का येथे होते.

तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखालीच आहे, पण ते अग्निपथ योजनेत नाही. तिथली नोकरी चार वर्षांत संपत नाही. नाविक जनरल ड्यूटीसाठी गणित-भौतिकशास्त्रासह बारावी, नाविक डोमेस्टिक ब्रँचसाठी दहावी, आणि यांत्रिक पदासाठी इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स वा टेलिकम्युनिकेशनची पदविका लागते. पॉलिटेक्निक केलेल्या मुलांना यांत्रिक हे पद जणू त्यांच्यासाठीच काढले आहे. तरीही आपल्याकडे त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही.

हवाई दलाबाबत मोठा गैरसमज आहे की ते फक्त विज्ञानवाल्यांचे. तसे नाही. अग्निवीरवायूसाठी बारावी विज्ञान किंवा अभियांत्रिकी पदविका चालते, तशी इतर कोणत्याही शाखेची बारावीही चालते. मात्र एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के हवेत. उर्दू माध्यमातून वा मराठी माध्यमातून शिकलेली मुले इंग्रजीच्या पेपरात जेमतेम पास होतात आणि इथेच दार बंद होते. इंग्रजीच्या शिकवणीवर खर्च केलेले पैसे वाया जात नाहीत, एवढे तरी मानाच.

शिकलेल्यांची दारे आणि मुलींची दारे

ज्यांनी हॉटेल मॅनेजमेंट वा पाककलेची पदविका घेतली आहे त्यांच्यासाठी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, केटरिंग हे पद असते. पदवीधर असून ज्यांच्याकडे मौलवी आलिम किंवा अदीब आलिम ही पात्रता आहे त्यांना धर्मशिक्षक म्हणून ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होता येते. या दोन्ही पात्रता आपल्या समाजात कमी नाहीत. अर्ज मात्र कमी.

आणि अधिकारीपदाचे काय? खडकवासल्याच्या एन.डी.ए.ला भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. त्याच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे चालू आहे. तिची प्रवेशपरीक्षा दहावीच्या वर्षातच द्यावी लागते, म्हणून नववीतच चौकशी करा. मुलींसाठी २०२२ पासून एन.डी.ए.चे दार उघडले आहे. अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलीस, नौदल व हवाई दल यांतही मुली घेतल्या जातात. हुशार मुलीचा अर्ज केवळ मुलगी म्हणून मागे ठेवू नका.

एकाच दारावर बसू नका

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. रामेश्वरमच्या नावाड्याचा हा मुलगा विमानविद्येचा अभियंता झाला तेव्हा त्याने दोन ठिकाणी अर्ज केले होते : एक हवाई दलात, दुसरा संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास खात्यात. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत जागा आठ होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. मन खट्टू झाले, पण दुसरे दार उघडे होते. १९५८ साली ते तिथे रुजू झाले. पुढचे साऱ्या देशाला माहीत आहे.

तेव्हा आमच्या तरुणांनीही आपल्या पात्रतेत बसणारे दोन अर्ज भरावेत. २०२५ च्या भरतीपासून भूदलाने एका उमेदवाराला दोन वर्गवाऱ्यांत अर्ज करण्याची मुभा दिली. त्याच भरतीत संगणकावरची परीक्षा मराठी व उर्दूसह तेरा भाषांत ठेवली गेली. शिवाय २०२३ पासून क्रमच बदलला आहे : आधी लेखी परीक्षा, मग मैदान. नुसते धावणाऱ्याला आता मैदानापर्यंतच पोहोचता येत नाही.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. वर्गवारी आपण निवडतो, पण कोणत्या कोअरमध्ये, कोणत्या पलटणीत पाठवायचे हे सैन्य आपल्या गरजेप्रमाणे ठरवते. खडकी मागितली म्हणून खडकी मिळत नाही. म्हणूनच जे आपल्या हातात आहे ते तरी नीट निवडावे.

पालकांनी आजपासून काय करावे

दहावी साधारण सोळाव्या वर्षी होते. भरतीचे किमान वय साडेसतरा. मधला काळ पोरे दुकानात, कारखान्यात नाहीतर नाक्यावर घालवतात. याच काळात दोन वर्षांचा आय.टी.आय. होतो. सकाळी आय.टी.आय., संध्याकाळी अब्बांचे दुकान, असे करणारी मुले मालेगाव-भिवंडीत आजही आहेत. शाळेत एन.सी.सी. असेल तर मुलाला घाला, त्या प्रमाणपत्राला भरतीत जादा गुण असतात. आधार, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरचे नाव एकसारखे करून घ्या. "शेख", "मोहम्मद", "मोहंमद" या घोळात पोराची कागदपत्रे अडकू शकतात.

वयाची नेमकी मर्यादा आणि अटी प्रत्येक जाहिरातीत स्वतः वाचा. अर्ज त्या त्या दलाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरला जातो. अर्जाच्या ठराविक शुल्काखेरीज भरतीला पैसा लागत नाही. "लाख-दोन लाख द्या, आतून काम करतो" म्हणणारा माणूस ठग आहे, मग तो बिरादरीतला असो की बाहेरचा.

निवड झाली नाही तर? इथेच कागदाचे मोल कळते. जनरल ड्यूटीसाठी दोन वर्षे नुसता धावलेला पोरगा रिकाम्या हाताने परततो. आय.टी.आय. केलेला पोरगा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डच्या अप्रेंटिस शाळेत किंवा अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथील दारूगोळा व शस्त्रास्त्र कारखान्यांच्या शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करू शकतो. आणि तेही नाही झाले तरी आपल्या दुकानाला एक प्रमाणित मेकॅनिक मिळाला, यात तोटा कसला?

काही वाचक म्हणतील, आपण धंदेवाले, आपल्याला हे कशाला? त्यांना मिरजेच्या सतारमेकरांची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यांचे पूर्वज शिकलगार होते. हत्यारे घासणे, धार लावणे हेच त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात ते काम आटले तेव्हा त्यांनी तोच हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. फौजेच्या कामात तयार झालेला हात बाजारातही चालतो, हे आपल्याच माणसांनी दाखवून दिले आहे.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. यापुढे दर वर्षी सेवा निधी घेऊन तरुण गावोगाव परतत राहणार. त्यात आपली पोरेही असतील. ती काय शिकून यावीत हे त्यांच्या परतण्याच्या दिवशी ठरवून चालणार नाही. आज रात्री दुकान बंद झाल्यावर पोराला जवळ बसवा, त्याची गुणपत्रिका समोर ठेवा, आणि त्याला काय येते ते त्याच्याच तोंडून ऐका. अर्ज त्यानंतर भरा.